सात सोंगट्या

समजा, तुमच्यासमोर माहजाँग या चिनी खेळाच्या सात सोंगट्या आहेत. बांबूची दुर्री आणि पंजी. गोळ्यांची दुर्री, पंजी आणि अठ्ठी. अक्षरांची अठ्ठी आणि नव्वी. त्यांतली एक मी मनात धरली. चित्र कोणतं ते फक्त पहिल्याच्या कानात सांगितलं, आकडा फक्त दुसऱ्याच्या. पहिला म्हणाला, "सोंगटी कोणती, मला माहीत नाही. पण तुलाही माहीत नाही, हे मला नक्की माहीत आहे." दुसरा म्हणाला, "मघाशी नव्हतं माहीत. आता कळलं."

सांगा, कोणती?

हे कोडं याप सोक ह्वा या शिक्षिकेनं सिंगापूरच्या आपल्या शाळेतल्या स्पर्धेसाठी रचलं. एका आईनं चिडून त्याचा फोटो इंटरनेटवर टाकला, 'लहान मुलांना हे विचारतात?' आणि बघता बघता जगभर लोक त्यावर भांडू लागले. शिक्षकांच्या खोलीतला फोन थांबेना. सोक ह्वा प्रत्येकाला एकाच आवाजात उत्तर समजावून सांगायची.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिला आणि धाकट्या भावाला, केंगला, बाहेर बोलावून सांगितलं होतं, की वडिलांच्या फुप्फुसात कॅन्सर आहे आणि तो फार पसरलाय.

"चे, पांना सांगायचं नाही हं," केंग म्हणाला. मोठ्या बहिणीला तो 'चे' म्हणे. "फुप्फुसात पाणी झालंय म्हणू. खरं कळलं तर आजच हातपाय गाळतील."

त्यांच्या इमारतीत सगळ्या घरांत असंच करत. तिनं मान हलवली. तेव्हापासून तिला काही जाणवेनासं झालं. भात शिजवायची, वह्या तपासायची, पांना औषध द्यायची.

पा एकदा कॉफीच्या दुकानातून खोकत आले. आयुष्यभर टॅक्सी चालवलेला माणूस.

"आ ह्वा, तुझ्या कोड्यानं माझी कॉफी थंड केली. तो म्हातारा टॅन म्हणतो, तुझी पोरगी वेडी आहे. मी म्हटलं, ते जुनंच आहे. चल, दाखव."

तिनं त्यांच्याच डब्यातल्या सात सोंगट्या मांडल्या.

"अक्षरं असती, तर दुसऱ्याकडे नव्वी असू शकली असती, आणि नव्वी एकच आहे. त्याला लगेच कळलं असतं. म्हणून अक्षरं बाद. उरलेल्यांत दुर्री दोन, पंजी दोन. अठ्ठी एकच, म्हणूनच दुसऱ्याला कळलं. गोळ्यांची अठ्ठी."

पांनी अठ्ठी उचलून अंगठ्यानं चाचपली.

"पण दुसरा आधी गप्प होता, म्हणजे त्याला माहीत नव्हतं, असं कशावरून? पहिल्याला बरं वाटावं म्हणून गप्प बसला असेल."

"कोड्यात माणसं खरंच बोलतात, पा."

"असं होय! मग सोपं आहे," म्हणून ते हसले. हसता हसता खोकले. तिनं पाणी दिलं.

पा गेले ते पावसाळी हवेत, दुपारी. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत शव ठेवलं होतं. आलेले लोक रिवाजाप्रमाणे टेबलांवर पत्ते कुटत होते, शेंगदाणे सोलत होते. शवपेटीपुढे पांचा मोठा फोटो होता. कोट, टाय, केस चापून बसवलेले.

"फोटो झकास मिळाला," केंग म्हणाला. "कपाटात वरच ठेवला होता. कधी काढला गं?"

"शाळेच्या सुट्टीत. पासपोर्ट संपतोय म्हणाले होते."

"नशीब! शेवटपर्यंत त्यांना काही कळलं नाही. सुखानं गेले."

सोक ह्वानं मान हलवली. पासपोर्टसाठी एवढा मोठा फोटो कुणी काढत नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिला रडू आलं नाही. ती शेंगदाण्यांची टरफलं गोळा करत राहिली.

शाळेतला फोन अजून वाजतो. उत्तर बरोबर आहे का, असं कुणी विचारलं की ती हो म्हणते. मग फोन ठेवून बसून राहते. पांना माहीत होतं, हे एक वेळ धरून चालू. पण आपल्या मुलांनाही माहीत आहे, हे त्यांना माहीत होतं, की आपणच हे मुलांपासून लपवतोय, असं समजून ते एकटेच गप्प राहिले?