तार, टॉवेल आणि लगाम

साधना टिपणीस हॅम्बर्गला आल्या तेव्हा त्यांच्याकडे इंग्रजीची एम.ए. होती आणि जर्मनचा एक शब्दही नव्हता. नवरा दीनानाथ बंदराजवळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहीत असे. मुलगी अन्वी शाळेत जायला लागल्यावर साधनाताईंनी तीन वर्षं नेटाने जर्मन शिकून घेतलं आणि विमानातल्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली. मीटिंगला बसायचं आणि प्रोटोकोल, म्हणजे इतिवृत्त, लिहायचं एवढंच काम. बोलायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

२०१६ साली केंटकीतल्या एका कंपनीने कारखाना विकत घेतला. तेव्हापासून दर मंगळवारी तिकडचे साहेब व्हिटलो व्हिडिओ कॉलवर येऊ लागले. मोकळा माणूस. पण त्यांच्या बोलण्यात धंदा म्हणजे कायमची मारामारी. त्यांच्या अमेरिकन वाक्प्रचारांत आज प्रतिस्पर्ध्यांचे मोजे उडवायचे असत, उद्या त्यांचं घड्याळ साफ करायचं असे. जर्मन इंजिनीअर माना डोलावत. इंग्रजी त्यांना येत होतं, पण मॅन्युअलमधलं. म्हणून या कॉलचा जर्मन प्रोटोकोल साधनाताईंकडे आला.

मोठी चूक मात्र त्यांच्याच हातून झाली. एका ऑर्डरसाठी दुसऱ्या कंपनीशी चुरस होती. खुर्चीच्या वायरिंगवर बोलणं झालं आणि लगेच व्हिटलो म्हणाले, ही ऑर्डर 'डाउन टू द वायर' जाणार. आवाज तुटत होता. साधनाताईंनी लिहिलं : या ऑर्डरसाठी तारेपर्यंत जाऊन तपासणी करायची.

लाइनचे फोरमन ल्यूडर्स प्रोटोकोल अक्षरशः पाळत. त्यांनी तयार असलेल्या एकशे चाळीस खुर्च्या उघडायला लावल्या. दोन दिवस लाइन बंद राहिली. गुरुवारी व्हिटलोंनी विचारलं, "थांबलात कशासाठी?" साधनाताईंना आपण लिहिलेलं वाक्य आठवलं.

साधनाताईंनी घरी जाऊन तो शब्दप्रयोग शोधला. अमेरिकेतल्या जुन्या घोड्यांच्या शर्यतींत शेवटच्या रेषेवर, उंचावर, एक तार ताणलेली असे. घोडे तिच्याखालून जाईपर्यंत कोण जिंकलं हे ठरत नसे. व्हिटलोंना म्हणायचं होतं एवढंच, की निकाल अगदी शेवटच्या क्षणी लागेल.

सकाळी त्या ल्यूडर्सच्या टेबलाशी गेल्या.

"ल्यूडर्ससाहेब, चूक माझी आहे. ती तार खुर्चीतली नव्हती, शर्यतीतली होती."

ल्यूडर्सनी सगळं ऐकून घेतलं. "तेव्हाच का नाही विचारलंत?"

"मला वाटलं, मी मीटिंगमध्ये बोलायचं नसतं."

"असं कोण म्हणालं?"

साधनाताईंना आठवून पाहावं लागलं. कोणीच म्हणालं नव्हतं.

पुढच्या मंगळवारपासून त्या हात वर करून अर्थ विचारू लागल्या. शिवाय त्यांना नाद लागला. फेरीबोटीतून कामावर जाताना त्या एका वहीत या शब्दांचं मूळ लिहून ठेवत. मोजे उडवणं पूर्वी खरोखर बदडून काढणं होतं, चकित करणं हा अर्थ नंतर आला. घड्याळ म्हणजे गल्लीच्या भाषेत माणसाचं तोंड.

"अहो, बॉक्सिंगमध्ये हार मानायला टॉवेल टाकतात ना," त्या एकदा जेवताना म्हणाल्या, "त्याच्या आधी स्पंज टाकायचे."

"जर्मनमध्येही टॉवेलच टाकतात," दीनानाथ म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," अन्वी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली.

२०२१च्या नोव्हेंबरात व्हिटलो कॉलवर म्हणाले, हॅम्बर्गच्या बाबतीत मार्चअखेर आपण टॉवेल टाकतोय. त्या दिवशी कोणी अर्थ विचारला नाही. साधनाताईंनी साध्या शब्दांत लिहिलं : कारखाना मार्चअखेर बंद होणार.

कामगारांच्या वतीने बोलायला इथे बेट्रीब्सराट नावाचं निवडून आलेलं मंडळ असतं. ल्यूडर्स त्यात होते. त्यांचं म्हणणं, खरेदीच्या वेळी झालेल्या करारानुसार २०२३ संपेपर्यंत कारखाना बंद करता येत नाही. कंपनीचा वकील म्हणे, तो करार इथे लागूच होत नाही. तिसऱ्या बैठकीत दोन्ही बाजू कागद चाळत असताना केंटकीचा माइक चालू राहिला, आणि वकील व्हिटलोंना हळूच म्हणाला, "कामगार कोर्टात गेले तर हँड्स डाउन जिंकतील."

ते फक्त साधनाताईंच्या हेडफोनवर ऐकू आलं. त्यांनी ते लिहून घेतलं. पगार याच कंपनीचा होता. मग त्यांनी हात वर केला.

"मिस्टर व्हिटलो, तुमचा माइक चालू आहे. बैठक थांबलेली नाही, त्यामुळे हे वाक्य मी लिहिलंय."

"ते आमचं आपसातलं बोलणं होतं," वकील म्हणाला.

"बोलणं झालं ते झालं," व्हिटलो म्हणाले. "राहू दे."

साधनाताईंनी ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हा ल्यूडर्सनी 'हँड्स डाउन'चा अर्थ विचारला. साधनाताईंनी सांगितलं, शब्द इंग्लंडच्या शर्यतींतून आलाय. घोडा इतका पुढे असतो की स्वार हात खाली सोडतो, लगाम सैल पडतो.

"म्हणजे घोड्याला हाकावंही लागत नाही?"

"नाही."

पुढच्या आठवड्यात कंपनीने करार मान्य केला. कारखाना २०२३च्या डिसेंबरपर्यंत चालला आणि मग बंद झाला. ल्यूडर्स निवृत्त झाले. दोघा इंजिनीअरांना दूर दक्षिणेकडच्या नेकारसुल्म शहरात काम मिळालं.

"तुम्ही कामगारांच्या बाजूने होतात का?" असं साधनाताईंना नंतर अनेकांनी विचारलं. ल्यूडर्स स्वतःच्या बाजूविरुद्ध असं काही बोलले असते तरी मी लिहिलंच असतं, असं त्या सांगत. ते खरं होतं. पण त्या आठवड्यात त्यांना नीट जेवण गेलं नव्हतं, हे फक्त दीनानाथना माहीत आहे.

आता त्या आठवड्यातून दोनदा एका संध्याकाळच्या वर्गात बोलीभाषेतलं इंग्रजी शिकवतात. वर्गात नऊजण आहेत, बहुतेक नर्स. पहिल्या तासाला त्या एकच नियम सांगतात : कळलं नाही तर लगेच विचारा.