मेजरमावशींचा दुसरा प्रश्न

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या दिघीच्या सोसायटीत ‘बरं आहे’ हे उत्तर अनेक वर्षे अवैध होते. ते अवैध ठरवणाऱ्या मेजरमावशी पहिल्या मजल्यावर राहायच्या. आयुष्यभर लष्करी इस्पितळांत परिचारिका, निवृत्तीनंतर चहा.

“बरा आहेस?” त्या विचारत. आपण “बरा आहे” म्हणायचं. मग त्या शांतपणे चहा संपवत आणि कप खाली ठेवून म्हणत, “हं. आता सांग.” आमचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीच्या कागदावर सही घ्यायला गेले आणि सख्ख्या भावाशी सहा वर्षं अबोला आहे हे सांगून, सही न घेताच परतले.

“पहिलं उत्तर सरकारी असतं,” मावशी म्हणत. “घरचं उत्तर चहा संपल्यावर येतं.”

ही सवय कुठून लागली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. लढाईचे दिवस होते. पुरुष आतल्या आत कुढतात, जास्त करून तेच जीव देतात, म्हणून जवानांवर सगळ्यांचं लक्ष. खचलेल्याला एकटं सोडायचं नाही, असा हुकूमच होता. “आम्हा बायकांसाठी तसला हुकूम नव्हता. बायका बोलून मोकळ्या होतात, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. लढाईनं आमच्यावरही तेवढंच ओझं टाकलं होतं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या खोलीतली मैत्रीण दिवसभर जवानांना धीर द्यायची. तिनं जीव दिला. दोघी एका खोलीत होतो रे, आणि मीही तिला एकदाच विचारलं होतं.”

पुढे पुन्हा सीमेवर तोफा सुरू झाल्या, आणि आमच्या मजल्यावरच्या सविताची रजा रद्द झाली. तीही फौजेत परिचारिका. ती आज सुखरूप आहे हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही निवांत ऐकाल. तिचा नवरा महेश चाकणला कंपनीत. ती निघायच्या दिवशी त्यांच्या घरी सोसायटीतले सगळे पुरुष त्याच्याभोवती जमले. शेजारचे तात्या त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “धीर सोडू नगंस. पोरगी लई खंबीर हाय.” खंबीर पोरगी हसत सगळ्यांना लाडू देत होती.

मावशींनी तिला शेजारी बसवलं. “बरी आहेस?”

“एकदम, मावशी.”

मावशींनी चहा संपवला. कप ठेवला. “हं. आता सांग.”

सवितानं लाडवाचा डबा खाली ठेवला. मग म्हणाली, “गेल्या खेपेला तिकडं रोज मरावंसं वाटायचं. आताही वाटतंय. आणि सगळे म्हणतात, खंबीर आहे.”

मावशी दचकल्या नाहीत. तिचा हात धरून म्हणाल्या, “बरं केलंस सांगितलंस. तू आज कुठंही जात नाहीस. आपण डॉक्टरांना आत्ता फोन करू, मी इथंच बसते.”

महेशच्या हातात लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड होते. त्यांच्याकडे बघत तो मोठ्यांदा म्हणाला,

“आणि मी तीन दिवस हिला मोजे किती घेऊ, एवढंच विचारत होतो.”