थोरल्या सिस्टरचा पाटा

इथं असले अनुभव लिहिणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त चेष्टा केली आहे. आता माझी झाली तर तक्रार नाही. दौंडच्या एका हायस्कुलात मी नोकरीभर इतिहास शिकवला. 'पुरावा दाखवा, मग बोला' हे वाक्य वर्गात इतक्यांदा म्हटलं, की पोरं माझ्यामागे त्याची नक्कल करायची. देवाला फोडलेला नारळ नासका निघाला की सासूबाई दिवसभर हळहळायच्या आणि मी आता चटणी कशाची करू एवढाच विचार करायची. तर असली मी बाई! तरीही हे लिहायला बसलेय, कारण ज्या दोघींनी ते माझ्याबरोबर पाहिलं त्या आता नाहीत. मीही गेले की कुणाला कळायचंच नाही.

दोन हजार दोन किंवा तीन साल असेल. चौफुल्यावरून शिरूरकडे जाताना, भीमेच्या पुलाच्या अलीकडे, उसात बुडालेली एक बैठी कौलारू इमारत तेव्हा दिसायची. पुढे लांब व्हरांडा, कमानीवर हातभर उंचीचा क्रूस. कॅथलिक सिस्टरांनी काढलेलं नर्सिंग होम होतं ते. पण नर्सिंग होम म्हणायचं पाटीवर. भांडगाव-यवतपासून पार कवठे येमाईपर्यंत त्याला सगळे 'सिस्टरचा दवाखाना' म्हणायचे. कुणाला वय विचारलं तर सांगायचे, "मी सिस्टरच्या दवाखान्यातला, थोरल्या सिस्टरच्या हातचा." त्यात जन्मतारीख नसायची, पण अभिमान भरपूर असायचा. या थोरल्या सिस्टर म्हणजे दवाखाना सुरू करणाऱ्या बाई. कुठल्या तरी लांबच्या देशातून आलेल्या. त्यांचं खरं नाव कुणाच्या जिभेला वळलंच नाही.

पुढं रस्ते झाले, सहा आसनी रिक्षा आल्या, दौंडला नि शिरूरला डॉक्टर बसू लागले आणि तिथल्या खाटा रिकाम्या पडत गेल्या. शेवटी वॉर्डाला कुलूप लागलं. आता इमारत पाडून तिथं म्हाताऱ्या माणसांसाठी आश्रम बांधायचं ठरलं होतं. पाडण्याआधी कुणीतरी तिचा इतिहास लिहून ठेवावा, म्हणून सिस्टर बेनेडिक्टा मला शाळेत भेटायला आल्या. त्या वसईकडच्या. तिथं उरलेल्या शेवटच्या सिस्टर.

"कागद विचारू नका हो मंदाताई," त्या म्हणाल्या. "जे होते ते वाळवीनं खाल्ले. माणसं तेवढी आहेत. त्यांना बोलतं करा... आणि जरा लवकर करा."

मी आनंदानं हो म्हटलं. संध्याकाळी घरी सांगितलं. आई तेव्हा माझ्याकडेच राहायची. शेंगा फोडत बसली होती, तिचा हात थांबला.

"तिथं जानार व्हय तू? आत?"

"जाणार ना. फोटो काढायचेत, बायकांशी बोलायचंय."

"मग माझं येक काम कर. माझी पोर कुठं ठिवली ते बघ."

माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती आणि ती चारच दिवस जगली, एवढं मला ठाऊक होतं. पण आमच्या घरात ते कुणी बोलत नसे. घरात थोरली मीच. 'थोरली हायेस ना, मग समजून घे' हे ऐकतच मोठी झाले. धाकटे दोघे भाऊ मोकाट, आणि मी समजून घेतेय.

त्या दिवशी आई पहिल्यांदा बोलली. वडील रेल्वेत, तेव्हा मनमाडला. सासरच्यांनी भांडगावाहून बैलगाडीनं तिला दवाखान्यात आणून सोडलं. मुलगी झाली. चौथ्या दिवशी ती गेली आणि आई स्वतः तापानं फणफणलेली.

"सुद न्हवती गं मला. सुदीत आले तवा कुशीत कुनीच न्हाई. थोरल्या सिस्टर उशाला बसल्या हुत्या. म्हनल्या, 'पाचवी पूजल्याबिगर नाही पाठवली तिला.' त्येवढंच. कुठं पाठवली, ते इचारायला तोंड उघाडलं न्हाई माझं. मग तुजं वडील आलं आन् घेऊन गेलं. म्हनलं इचारू पुन्यांदा... तर सिस्टरच आजारी पडून पुण्याला गेल्या, त्या काय माघारी आल्या न्हाईत."

आणि मग शेंगा पुन्हा फोडायला लागली. इतकी वर्षं ही बाई माझ्यासमोर वावरत होती आणि हे पोटात घेऊन वावरत होती.

मी टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव हिंडायला लागले. पहिल्याच बाईला मुद्दाम विचारलं — त्या काळी बाळ गेलं तर कुठं न्यायचे? तिनं विषय बदलला. दुसरीनंही बदलला. मग मी गुपचूप दवाखान्याच्या इतिहासाकडे वळले. आईला रोज सांगायचे, "बघतेय गं."

इतिहास मात्र फर्मास निघाला. कवठे येमाईला यमुनाआक्का भेटल्या. त्यांचं घराणं पूर्वी मेंढरं घेऊन हिंडणारं, आता बागायतदार. ओट्यावर पाय पसरून त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"बाळातपन व्हायचं झ्याक. पर आमी बाया चवथ्या दिशी उठून पळायचो! पाचवी घरी नगं का पुजायला? सटवाई यायची रातच्याला बाळाच्या कपाळी लिवायला. तिला काय म्हाईत आमी दवाखान्यात हाय म्हून?"

"मग?"

"मग काय! कच्च्या अंगानं गाडीत बसायचं, रस्त्यात ताप भरायचा. थोरल्या सिस्टर लई चिडायच्या. येक दिवस सोता गेल्या यवतच्या बाजाराला आन् वडाराकडनं पाटा-वरवंटा घेऊन आल्या. वॉर्डात मांडला. म्हनल्या, करा पूजा इथंच, पर धा दिवस हालायचं न्हाई!"

विचार करा — नर्सिंग होम कॅथलिक, भिंतीवर येशूची तसबीर, आणि खाली पाट्यावर हळद-कुंकू, तांदूळ, बाजूला निखाऱ्यावर ओवा-बाळंतशेपाची धुरी! सिस्टर बेनेडिक्टांनी ऐकलेली आठवण अशी, की पुण्याहून आलेल्या एका फादरांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, हे काय? तर थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "औषध आहे. बायका इथं राहण्याचं."

पण सिस्टरनी एक स्वतःची भर घातली होती. पाट्याच्या वरच्या कोपऱ्यात वडाराकडून छोटासा क्रूस कोरून घेतला होता. बायकांना वाटलं, ही सटवाईचीच खूण. पूजा करताना पहिलं कुंकू त्या खुणेत भरायच्या. सिस्टरनीही कधी खुलासा केला नाही. दोन्ही बाजू खूश.

आता गंमत अशी, की ज्यांची बाळंतपणं अगदी जुनी, त्या म्हणायच्या खूण कोरलेली होती. नंतरच्या म्हणायच्या, छे, पाटा कोराच होता, खूण आम्ही कुंकवानं काढायचो. यमुनाआक्कांची थोरली लेक कोरीव खुणेवरची, धाकटी कुंकवाच्या खुणेवरची. आणि अजूनही त्या पट्ट्यात, दवाखान्याची पायरी न चढलेल्या सुनासुद्धा पाचवीला पाट्यावर अधिकची खूण काढतात. का, ते एकीलाही सांगता येत नाही. घरची रीत!

म्हणजे मधेच कधीतरी पाटा बदलला. पहिला कुठं गेला? फुटला म्हणावं तर कुणाला आठवत नव्हतं. सिस्टर बेनेडिक्टांनी तर ध्यासच घेतला. तो पाटा सापडला तर नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीत बसवायचा त्यांचा बेत होता. इमारत पाडायला माणसं यायची होती. त्याआधी एका दुपारी आम्ही दोघी वॉर्ड उघडून शोधायला गेलो.

टळटळीत ऊन. कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडावं लागलं. आत धूळ, पालींची अंडी, भिंतीला टेकून ठेवलेल्या लोखंडी खाटा. मी कॅमेरा डोळ्याला लावला... आणि वास आला.

बाळंतशेपा. ओवा. निखाऱ्यावर नुकताच टाकलेला, तो गोडसर, उबदार, अंगाला चिकटणारा वास. ज्या घरात लेकरू झालंय त्या घरात शिरताना येतो तो.

मला वाटलं भास. इतकं ऐकलं होतं बायकांकडून, तर नाकात बसला असेल. पण सिस्टरनी मागच्या दाराकडे बघितलं.

"मागे कुणी शेगडी पेटवलीय का हो?"

"तुम्हालाही येतोय?"

"येतोय म्हणजे? डोकं भरलं माझं."

मागचं दार उघडलं. आसपास घर नाही, खोपट नाही, नुसता ऊस. वास मात्र वाढत होता. आम्ही वासामागं चालत गेलो, अगदी स्वयंपाकघरात काय शिजतंय बघायला जावं तसं. जुन्या मोरीच्या पलीकडे एक रामफळाचं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी एक दगड, अर्धा मातीत रुतलेला. मी आधीच्या खेपांना त्यावर बसून डबा खाल्ला होता! मातीबाहेरची कड नीट पाहिली तर एकसारखी घडवलेली.

सिस्टरनी पहार आणली. दोघींनी मिळून एक कड उचलली आणि मी खाली वाकून पाहिलं.

पालथा घातलेला पाटा होता. कोपऱ्यात कोरलेला क्रूस, आणि त्यात कुंकू. मी बोट लावलं. बोट लाल झालं... कुंकू ओलं होतं. पाण्यात कालवून आत्ताच कुणी भरावं तसं. बाजूला हळद, तांदळाचे दाणे पांढरेशुभ्र. ना मुंगी, ना बुरशी. खालची माती कोरडी ठणठणीत.

सिस्टरनी छातीवर क्रूस केला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भूतबीत काही नसतं हं मंदाताई. आमच्यातही नसतं." आणि त्यांचा आवाज इतका कापत होता, की मला त्याही अवस्थेत हसू आलं. आम्ही पाटा होता तसा अलगद टेकवला. कॅमेरा गळ्यात लटकत होता. फोटो काढायचं मला सुचलं नाही, आणि नंतर कधी काढावासा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला रिक्षानं घेऊन गेले. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं, फक्त 'चल' म्हटलं होतं. व्हरांड्याच्या खांबाला तिनं हात लावून पाहिला. मग मागच्या बाजूला आलो, तशी ती थबकली.

"बाळातशेपा कुनी टाकलाय?"

मी आणि सिस्टरनी एकमेकींकडे पाहिलं. आई आमच्यासाठी थांबलीच नाही. काठी टेकत सरळ रामफळापाशी गेली आणि मटकन खाली बसली. पाट्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"उचला," ती म्हणाली.

आम्ही कड उचलली. तिनं आत वाकून पाहिलं. कुंकवाला बोट लावलं, ते स्वतःच्या कपाळाला टेकवलं आणि मग रडली. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. माझ्या वडिलांच्या वेळीसुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"क्येली गं बाय सिस्टरनी पूजा... खरंच क्येली. माझ्या लेकीची पाचवी झाली!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पाटा हरवला नव्हता. मेलेल्या लेकराची पाचवी करतात असं कुठं ऐकलंय का? कुणीच करत नाही. पण थोरल्या सिस्टरना एवढंच कळत होतं, की या बायकांच्या लेकराला पाचवीशिवाय पाठवायचं नसतं. म्हणून त्यांनी तिची पाचवी केली, आणि ज्या पाट्यावर केली तो तिच्या अंगावर पांघरुणासारखा घातला. नंतरच्या बाळांसाठी दुसरा, कोरा आणला. अख्ख्या पंचक्रोशीतल्या बायका कुंकवानं जी खूण काढतात, तिची सुरुवात माझ्या बहिणीपासून झाली होती.

आईनं पदराच्या गाठीतून तांदूळ काढले. म्हणजे घरून निघतानाच बांधून आणले होते तिनं! ते आत ठेवले आणि म्हणाली, "झाका आता. ऊन लागंल तिला."

झाकला. माती लोटली. आणि वास गेला. हळूहळू विरला नाही, दिवा विझावा तसा गेला.

सिस्टर बेनेडिक्टांनी पाटा भिंतीत बसवायचा विचार तिथंच सोडला. आश्रम बांधताना रामफळाला धक्का लावू दिला नाही, कंपाउंडची भिंत त्याला वळसा घालून गेलीय. मी लिहिलेल्या इतिहासात पाट्यावर आख्खं प्रकरण आहे. पहिला पाटा कुठं गेला, या प्रश्नापुढे मी 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलं. इतिहासाच्या बाईनं, जाणूनबुजून.

पाट्याखाली काय आहे ते आम्ही उकरलं नाही. म्हणजे पुरावा नाहीच माझ्याकडे. बंद जागेत कुंकवाचा रंग टिकेल, हे मी स्वतःला समजावलंय. पण ओलं? तिघींच्या नाकात एकच वास? आईला झाड कुणी दाखवलं? रसायनशास्त्राच्या सरांना आडून आडून विचारून पाहिलं, त्यांनी मलाच विचारलं, "मॅडम, बरं आहे ना?"

परत येताना रिक्षात आई पदराची सुटलेली गाठ पुन्हा बांधत होती. केडगाव आलं तशी तिनं माझा हात हातात घेतला.

"मंदे, लई केलंस गं तू. समद्यांचं. पर तू धाकटी हायेस... आता थोरलीला करू दे थोडं."

त्यानंतर स्वतः जाईपर्यंत आईनं मला पुन्हा कधी थोरली म्हटलं नाही.