जुवावरची दोरी

इथं कारखान्यात मशीन बसवताना काचेच्या नळीतला बुडबुडा अगदी मधोमध यावा लागतो. आला की साहेब म्हणतात, ‘लेव्हल आहे,’ आणि मग आम्ही बोल्ट आवळतो. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला असं सावलीतलं काम मिळालं, म्हणून मी मनातल्या मनात रोज हात जोडतो. आणि रोज घाबरतोही, की आज बुडबुडा सरकेल आणि कुणीतरी विचारील, याला कामावर घेतलं कुणी.

आमच्या सेनगावकडं लेव्हल हा शब्द कमी चालतो. आई गोधडी सारखी करते. भाकर थापताना कड जाड राहिली तर स्वतःलाच म्हणते, “सारखी न्हाई झाली, कच्ची राहील.” आठवडी बाजारातला भाजीवाला तागडीच्या हलक्या पारड्यात खडा टाकून आधी धडा करून घेतो, म्हणजे दोन्ही पारडी एका रेषेत. वडिलांना मात्र सगळीकडं एकच शब्द पुरतो, बराबर. रान वखरून झालं, बराबर. ताप उतरला, बराबर. भांडण मिटलं तरी बराबर.

मागच्या उन्हाळ्यात आमचा एक बैल गेला. राहिला तो तांबडा, वयानं उतरलेला. बांधाला बांध लागून ज्यांचं रान आहे त्या चाचांकडंही एकच बैल होता, पण जवान. आमच्याकडं अशा वेळी सावड करतात. दोन्ही घरांनी आपला एकेक बैल द्यायचा, आणि त्या जोडीनं आळीपाळीनं दोघांचीही रानं करून घ्यायची. तेव्हाच मला या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. सावड टिकली तर वडिलांचं रान होणार होतं आणि मी निघणार होतो. मोडली तर मी राहणार होतो.

पहिल्या दिवशी जू मी बांधलं. जुवाच्या मधल्या खाचेत वखराच्या दांडीची दोरी आवळली, म्हणजे दोन्ही बैलांवर ओझं सारखं. दुसऱ्याचा बैल आहे, त्याच्यावर जरासुद्धा जास्त पडू नये, एवढीच काळजी होती.

थोडं वखरलं असेल नसेल, तांबडा मागं पडू लागला. जू तिरकं झालं. वखर एका अंगाला रुतायचं, दुसऱ्या अंगाला नुसतं खरडायचं. मागं वळून पाहिलं तर सगळं वाकडंतिकडं.

चाचा बांधावर बसून पाहत होते.

“भाऊ, तुमचा तांबडा लग्नाला चालला का? पाव्हण्यावानी मागं मागं येऊन राहिला.”

वडील हसले नाहीत. “उन्हानं हाय. उद्या चालंल बराबर.”

उद्याही चालणार नाही, हे तिघांनाही दिसत होतं. उपाय वडिलांना माहीत होता, मलाही. दोरी मधून काढायची आणि दमदार बैलाच्या बाजूच्या खाचेत बांधायची. दोरीपासून लांब राहणाऱ्या बैलाला ओढायला हलकं जातं. घरचे दोन्ही बैल असले की कुणीही हे करतं. पण सावडीत जास्तीचं ओझं जातं ते दुसऱ्याच्या बैलावर. ते आपण तोंडानं मागायचं नसतं.

चाचा उठले, बैलांपाशी आले आणि दोरी सोडू लागले. मला वाटलं, आता हे बैल घेऊन जाणार.

“काहून सोडून राहिले, चाचा?”

“तू मधात बांधली काहून? शाळंत शिकवलं का?”

“बराबर व्हावं म्हणून.”

“मंग शाळा सोडली ते बरं केलं,” असं म्हणून त्यांनी दोरी स्वतःच्या बैलाकडच्या खाचेत आवळली.

वडील पुढं झाले. “न्हाई भाई, तुमच्या बैलाला तकलीफ होईल.”

“जवान हाय त्यो. माझं बी रान करायचं हाय याच जोडीनं. तिथं बी असंच वाकडं करता का?”

मग जू सरळ राहिलं, वखरही. दिवस कलल्यावर वडिलांनी हौदावर चाचांच्या बैलाला आधी पाणी पाजलं, तांबड्याला मागून. त्याच आठवड्यात मी निघालो.

आता पुन्हा वखरणी सुरू झाली आहे. परवा फोनवर वडिलांकडून कळलं, चाचांच्या बैलाच्या खुराला लागलं होतं. जखम भरली, पण तो अजून जोर लावत नाही. आता सावड मोडणार असं धरून मी रजा मागायचं ठरवलं.

“मंग रानाचं काय?” मी विचारलं.

“चालू हाय. मीच दोरी तांबड्याकडं घेतली.”

“त्याला झेपंल का?”

“हळू चालतो. सरकीची ढेप वाढवली त्याची.”

“चाचा काय म्हणले?”

“काय म्हणतेत. बांधावर बसले व्हते, दुसरीकडं तोंड करून.”

“आन् तुमचं कसं हाय?”

“बराबर हाय,” वडील म्हणाले, आणि बैल हाकायचे म्हणून फोन ठेवला.

रजा मी मागितली नाही. तांबड्याची काळजी मात्र अजून जात नाही.