ठाकूरवाडीच्या फाट्यावर न थांबलेली गाडी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. अकरा वर्षं बसमध्ये कंडक्टर आहे. माणसांनीच इतका जीव खाल्लाय की भुतांचा नंबर कधी लागलाच नाही. तरी हे लिहितेय... कारण घरी कोणी ऐकून घेत नाही.

माझी फेरी कळंब ते नेरळ, पोशीरवरून. मुंबईत मेट्रो वाढली तशी आमच्याकडची माणसंही लोकलने जाऊन पुढे मेट्रो धरू लागली. म्हणून सकाळच्या गाडीची वेळ लोकलशी जुळवली – आणि मिनिटं वाचवायला, हात दाखवला की थांबायची जुनी पद्धत बंद केली. ठाकूरवाडीचा फाटाही त्यात गेला.

आदल्या संध्याकाळी वाडीतली हिराबाई, करवंदं विकून परतताना, मला म्हणाली, "ताई, उद्या आमच्या वनिताचा कामाचा पयला दिस हाय. नऊला हजर नाय झाली तर दुसरीला घेनार. थांबशील ना गं फाट्याव?"

"बघते," मी म्हटलं.

सकाळी वनिता फाट्यावर उभी होती, हातात डबा. तिने हात केला. ड्रायव्हर गायकर काकांनी आरशातून विचारलं, "काय गं, घ्यायची?"

नव्या वेळेचा पहिलाच दिवस, माझ्या शेजारी डेपोचे साहेब बसलेले... मी डबल बेल दिली. डबल बेल म्हणजे चला. मागच्या काचेतून ती धावताना दिसली, मग वळण आलं. पुढची गाडी दीड तासाने होती.

संध्याकाळी कळंबला हिराबाई उभीच. आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घातली. तिने पानातली करवंदं माझ्या हातात ठेवली.

"लय उपकार झालं गं ताई! पोर येळेत पोचली. म्हनं, ताईनं हाताला धरून वर घेतलं, शेजारी बसवलं."

"शेजारी... माझ्या?"

"मग काय! तुज्याच."

मशीन तपासलं, फाट्याचं एकही तिकीट नाही. गायकर काका म्हणाले, "येडी का खुळी? गाडी थांबलीच नाय. मी आरशात बघितलंय तिला मागं पडताना."

वनिताला नंतर खोदून विचारलं. ती हसून म्हणाली, "असं काय करता ताई, तुमीच होतात."

कोण होती ती, आजवर कळलेलं नाही. हिराबाई भेटली की अजून हात जोडते आणि मी तिला खरं सांगत नाही. तिथे खरंच मी असायला हवं होतं.