लॅपटॉपची दोन वेळची धार

माझं डोकं लवकर तापतं. कापूरहोळला भोरच्या फाट्याजवळ माझं जुन्या लॅपटॉपचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकानं तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मी फाडकन बोलतो. बायको म्हणते, तुमच्या जिभेपायी निम्मं गिऱ्हाईक शेजारच्याकडं जातं. जाऊ दे. पण मागच्या साली धनश्री आली, तेव्हा तापायचा हक्क तिचा होता आणि तापलो मी. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

धनश्री राहते वेल्ह्याच्या वर डोंगरात, पंधरा उंबऱ्यांच्या धनगरवाड्यात. घरी सासू बनाबाई आणि सात म्हशी. नवरा गोरख टेम्पो चालवतो, आठ-आठ दिवस घरी नसतो. या बाईनं लग्नाआधी घरांचे नकाशे काढायचं रीतसर शिक्षण घेतलेलं. पहिल्या नंबरानं पास झाली, त्याच साली बोहल्यावर चढली आणि प्रमाणपत्र गेलं पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी. ते नऊ वर्षं तिथंच होतं.

गोरख ज्यांच्याकडं खडी पोचवायचा, त्या पुण्याच्या एका इंजिनिअरांच्या कानावर हे गेलं. ते म्हणाले, घरून काम करा. मापं मी पाठवतो, नकाशा तुम्ही काढा. पहिला नकाशा शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत माझ्याकडं आला पाहिजे. नाही आला तर माझ्याकडं दुसरा माणूस तयार आहे.

म्हणून बुधवारी ती माझ्या दुकानात आली. वहीच्या पानावर सगळं लिहून आणलेलं. तिला दोन पडदे हवे होते, एकावर मापं आणि एकावर नकाशा. वाड्यावर दिवसातून चारदा लाईट जाते, म्हणून बॅटरीवर चालणारा लॅपटॉप हवा. घरात रेंज नाही, काही पाठवायचं तर लॅपटॉप उचलून मागचं टेकाड चढायचं. दर वेळी पाच वायरी काढा आणि पुन्हा लावा, हा व्याप नको, म्हणून डॉक हवा. डॉक म्हणजे वीतभर लांबीचा काळा डबा. मोठा स्क्रीन, कीबोर्ड, माऊस त्याला कायमचे जोडून ठेवायचे आणि डब्यातून निघणारी एकच वायर लॅपटॉपला लावायची. लॅपटॉप चार्जही त्याच वायरीनं होतो. ती एक काढली की लॅपटॉप घेऊन निघायला आपण मोकळे.

इतका विचार करून आलेलं गिऱ्हाईक मला वर्षातून एकदा भेटत असेल. तिनं विचारलं, "दादा, ह्या लॅपटॉपला डॉक लावला की मोठ्या स्क्रीनवर चित्र येईल ना? आणि नकाशा उघडल्यावर अडणार नाही ना?"

माझी जेवायची वेळ झालेली. मी म्हणालो, "वायर बसतीय ना भोकात? मग चालणारच. काय काळजी करू नका." आणि चकचकीत रुपेरी लॅपटॉप, डॉक आणि मोठा स्क्रीन बांधून दिला. लावून बघितला नाही. दहा मिनिटांचं काम होतं.

शनिवारी सकाळी दुकानाचं शटर वर केलं तर पायरीवर सासू-सून बसलेल्या. पहिल्या एसटीनं आल्या होत्या. स्क्रीन गोधडीत गुंडाळलेला, बनाबाईंच्या मांडीवर.

धनश्रीनं काउंटरवर सगळं मांडलं आणि जोडून दाखवलं. माऊस फिरत होता, कीबोर्ड चालत होता, मोठा स्क्रीन मात्र काळाठिक्कर. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं मी म्हणालो, "तुमच्याकडं लाईटचा दाब कमी असेल." आम्ही माझ्याच दुकानात माझ्याच लाईटीवर उभे होतो.

ती चिडली नाही. म्हणाली, "काल टेकाडावर बसून मोबाईलवर सगळं वाचून काढलं, दादा. भोक सारखं दिसतं, पण ह्यातलं चित्र बाहेर जात नाही. आणि नकाशा जरा मोठा झाला की लॅपटॉप गपगार बसतो."

हे मला माहीत होतं. माहीत असून मी बघितलं नव्हतं, आणि चूक पकडली गेली की माणूस जास्तच फुरफुरतो. मी ओरडलो, "पैसे परत न्या आणि दुसरीकडं बघा!"

"पैसे नकोत. लॅपटॉप पाहिजे, आणि आज पाहिजे. सहा वाजता माझा नकाशा गेला पाहिजे."

तेवढ्यात बनाबाई बोलल्या. "दादा, आमी म्हस कशी घेतो ठावं हाय का? सकाळची धार आपल्या हातानं काढायची. मंग मालकाच्या गोठ्यातच बसून ऱ्हायाचं. सांजची धार काढायची आन् मंगच दाव्याला हात लावायचा. एकच धार बघून जो घेतो त्यो फसतो. मालक आदल्या दिवशीचं दूध कासंत तुंबवून ठिवत्यात."

"मावशी, हे दुकान आहे. गोठा न्हाई."

"आसंना का. गुरवारी ही पोरगी रडली न्हाई, पर जेवली बी न्हाई. आता दोनी धारा काढल्याबिगर आमी हितनं हालत न्हाई." आणि त्यांनी माझ्या स्टुलावर बैठक मारली.

धनश्रीनं डॉकची वायर हातात घेतली आणि मांडणीवरचे लॅपटॉप एकेक करून लावायला सुरुवात केली. पहिल्यावर स्क्रीन काळाच. दुसऱ्यावर काळाच. तिसऱ्यावर चित्र आलं आणि लगेच गेलं. चौथ्यावर पुन्हा काळा. माझाच माल माझ्यासमोर नापास होत होता आणि दारात उभं राहून दोन गिऱ्हाइकं मजा बघत होती.

पाचवा मी खालच्या कप्प्यात टाकलेला. जाडजूड, झाकणावर चरे, एक कोपरा घासलेला, कुठल्याशा कंपनीतून लॉटमध्ये आलेला. तिनं वायर लावली आणि मोठा स्क्रीन लख्ख उजळला. माझ्या तोंडून गेलं, "तो नको, दिसायला अगदीच..."

"शिंग मोडलं म्हणून म्हस दूद कमी देती व्हय?" बनाबाई म्हणाल्या.

मग मी स्क्रू काढून तो लॅपटॉप उघडला, कप्प्यातली जास्तीची रॅम त्यात बसवली. त्याचे पैसे लावले नाहीत. सांगतोय ते मोठेपणा म्हणून नाही, लाज वाटली म्हणून.

दहा वाजता धनश्री कामाला बसली. पेन ड्राइव्हवर अर्धवट नकाशा आणि तो काढायचं सॉफ्टवेअर आणलेलं. माझा अर्धा काउंटर तिनं व्यापला. एका पडद्यावर मापं, दुसऱ्यावर भिंती उभ्या राहत होत्या, दारं-खिडक्या जागेवर बसत होत्या. मी आयुष्यभर लॅपटॉप विकले, पण त्यावर कुणी असं मान मोडून काम करताना कधी नीट बघितलं नव्हतं. दुपारी बनाबाईंनी फडकं सोडलं, नाचणीची भाकरी आणि खर्डा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "खा. भांडान सकाळी झालं."

दोन वाजता चौकातली लाईट गेली. मोठा स्क्रीन विझला, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. धनश्रीनं घड्याळाकडं एकदा बघितलं, खुर्ची पुढं ओढली आणि लहान पडद्यावर डोळे बारीक करून काम सुरू ठेवलं. बनाबाई बॅटरीच्या खुणेकडं बोट दाखवून मला दर थोड्या वेळानं विचारायच्या, "किती ऱ्हायलंय?" मी सांगायचो. कासेवर हात ठेवून बसावं तशा त्या बसल्या होत्या.

माझ्या इन्व्हर्टरवर एक पंखा आणि एक दिवा चालतो. ऊन मरणाचं होतं. अर्धा तास मी तो पंखा अंगावर घेतला, मग उठलो, पंखा बंद केला आणि तिचा डॉक आणि मोठा स्क्रीन इन्व्हर्टरवर जोडून दिला. मान वर करायलाही तिला वेळ नव्हता.

चार वाजता लाईट आली. पाच वाजता ती अडली. एकाएकी हात थांबला. इंजिनिअरांनी दिलेल्या मापांत जिन्याखालच्या दाराची उंची बसत नव्हती. मी म्हणालो, "त्यांनी दिलंय तसं काढा की. तुमची काय चूक?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला बुधवारची आठवण झाली. मग तिनं जिना उलट्या बाजूनं फिरवला, खाली टीप लिहिली आणि सहाला सात मिनिटं कमी असताना माझ्या वायफायवरून नकाशा पाठवला.

सव्वासहाला फोन आला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"तो जिना तुम्ही फिरवलात?"

"हो सर. मापाप्रमाणं दारातून माणसाला वाकून जावं लागलं असतं."

नीट ऐकू यावं म्हणून मी पंखा बंद केला, जणू नोकरी माझीच जाणार होती.

"बरोबर केलंत. सोमवारी पुढचं घर पाठवतो. दर महिन्याला चार तरी असतील."

धनश्रीनं फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. नऊ वर्षांचं रडू होतं ते, माझ्या दुकानात आलं. मलाही भरून आलं, उगाच का लपवू.

बनाबाई उठून स्क्रीनजवळ आल्या. त्यांना वाचता येत नाही. मला म्हणाल्या, "हिचं नाव आसंल ना ह्यात? दाव बरं कुठं हाय."

नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली, चौकटीत, रेखाटन या शब्दापुढं तिचं नाव होतं. मी दाखवलं. उरलेली भाकरी फडक्यात बांधताना पिठानं माखलेलं बोट त्यांनी त्यावर ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं. स्क्रीनवर भुरकट ठसा उमटला. सवयीनं मी पुसायला फडकं घेतलं, तर धनश्रीनं माझा हात धरला. "राहू दे, दादा."

गोधडीत स्क्रीन बांधला, डॉक पिशवीत गेला, चरे पडलेला लॅपटॉप धनश्रीनं छातीशी धरला. बनाबाईंनी मात्र लॅपटॉपचा चार्जर उचलून माझ्या काउंटरवर ठेवला.

"मावशी, चार्जर ऱ्हायला की!"

"ऱ्हायला न्हाई, ठिवलाय. जनावर इकलं तरी दावं मालकाच्याच घरी ऱ्हातं. न्हाईतर त्याच्या गोठ्याची बरकत जाती."

मी धनश्रीकडं बघितलं. ती ओल्या डोळ्यांनी हसली. "असू दे. डॉकनं चार्ज होतो, आणि टेकाडावर बॅटरी पुरते. दोन्ही धारा बघितल्यात आपण."

दोघी शेवटच्या एसटीनं गेल्या. आता माझ्या काउंटरवर एक डॉक आणि एक मोठा स्क्रीन कायम जोडलेला असतो, लावून बघितल्याशिवाय मी काही बांधून देत नाही. चार्जर समोरच्या खिळ्याला टांगलाय. गिऱ्हाईक विचारतं, हा केवढ्याला? मी सांगतो, ते दावं आहे, ते विकत नसतात.