तिरप्या तुकड्यांची भिंत

शशिकांत दाबके सरांची आणि माझी ओळख कल्याणच्या एका सभागृहात झाली. व्याख्यान होते इटलीतल्या रावेन्नाजवळच्या सहाव्या शतकातल्या एका बायझंटाइन चर्चवर. मी आत शिरलो तो केवळ पंख्याखाली बसायला. डुलकी लागली, तसे सर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "पुढच्या रांगेतले पाहुणे, घोरा खुशाल, पण या मेंढ्या तेवढ्या बघून घ्या." काचेच्या तुकड्यांनी भिंतीवर जडवलेल्या, हिरव्या कुरणातल्या मेंढ्या. बघितल्या आणि शिष्य झालो.

त्या कारागिरांनी सोनेरी काच सपाट बसवली नाही, हे सरांचे लाडके सूत्र. प्रत्येक तुकडा जरासा तिरपा, म्हणून माणूस चालला की उजेडही चालतो. सर तिथे आयुष्यात एकदाच जाऊन आले. सांगत मात्र अजून आहेत.

माझे वडील रुग्णालयात असताना ठाण्याच्या माझ्या शाळेतले चित्रकलेचे तास सरांनी आपणहून घेतले. परतलो तर वर्गभर अंड्यांची टरफले! मुलांनी त्यांच्या तुकड्यांचे मासे चिकटवले होते. मुख्याध्यापकांची बोलणी मी खाल्ली.

पुढे डोंबिवलीतल्या एका वाचनालयाची भिंत तशाच तुकड्यांनी जडवायचे काम सरांनी हाती घेतले. सोनेरी काचेवर निळे मोर; हाताखाली मी. तोवर काचबिंदूने त्यांची नजर उणावू लागली होती. हीच शेवटची भिंत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

भिंत पुरी झाली. वाचनालयाच्या अध्यक्षांनी तिच्यावरून हात फिरवला. "सर, खडबडीत लागतंय हो. फिनिशिंग राहिलं की!" दुसऱ्या दिवशी फरशी घासणारा पॉलिशवाला मशीन घेऊन हजर. अध्यक्षांचा हेतू वाईट नव्हता. आपल्याकडे चांगले काम म्हणजे गुळगुळीत काम. पण मशीन फिरले असते तर सोनेच खरवडून निघाले असते. माझे डोके फिरले. सरांनी मला गप्प बसवले, ट्यूबलाइट बंद करायला लावल्या, एकच खिडकी उघडी ठेवली.

"साहेब, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते चाला."

अध्यक्ष चालले. मध्येच थबकले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. "अहो, हे तर माझ्याबरोबर चालतंय!" मग पॉलिशवाल्याकडे वळले, "चहा घे रे बाबा, आणि जा."

सरांना आता पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. नजर जवळजवळ गेली आहे. परवा मी त्यांना त्या भिंतीपाशी नेले. बोटांनी चाचपत ते कडेच्या मोरापाशी थांबले.

"ही शेपटी तू लावलेलीस. सगळे तुकडे एकाच बाजूला कललेत. आळशी माणसा!"

ते हसले. भिंत त्या दिवशी घासली गेली असती, तर आज त्यांच्या हाताला तिथे काहीच लागले नसते.

दृष्टी मागू नका, असे सरच बजावतात. म्हणून या पंच्याहत्तरीच्या निमित्ताने आपणा सर्वांच्या वतीने मी त्यांच्या बोटांना उदंड आयुष्य मागतो. माझी शेपटी त्यांनी अजून पुष्कळ वर्षे चाचपावी, आणि दर वेळी मला शिव्या घालाव्यात.